वाचकांचे प्रश्न : अळीचं रक्त, माशाच्या पेशी आणि प्रयोगशाळेतला मे महिना

या वेळी आलेल्या पत्रांत कीटक आणि मासेच जास्त आहेत. अडचणी वेगवेगळ्या दिसल्या तरी बऱ्याच पत्रांत मूळ एकच आहे. माणसाच्या किंवा उंदराच्या पेशींसाठी बसवलेली पद्धत जशीच्या तशी अळीवर किंवा माशावर वापरली जाते. ज्या प्राण्यावर काम करायचं त्याच्या अंगातलं मीठ किती आणि तो कोणत्या तापमानाला जगतो, हे आधी पाहिलं असतं तर निम्मे प्रश्न आलेच नसते.

प्रश्न : रेशीम अळीचं हिमोलिंफ (म्हणजे तिचं रक्त) काढल्यावर काही मिनिटांत काळं पडतं. रक्तपेशी मोजल्या तर एकाच ट्रेमधल्या अळ्यांचे आकडे तिप्पट-चौपट फरकाने येतात. कुठे चुकतंय?
(एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, बारामती)

काळं पडण्यात तुमचा दोष नाही, ती अळीची संरक्षणाची रीत आहे. हिमोलिंफमध्ये प्रोफिनॉलऑक्सिडेज हे एन्झाइम निष्क्रिय रूपात असतं. रेशीम अळीत ते ओएनोसायटॉइड नावाच्या मोठ्या, गोलसर रक्तपेशींत तयार होतं. जखम झाली किंवा जंतू आत आले की प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांची साखळी सुरू होते. शेवटी टायरोसिन आणि डोपापासून क्विनोन आणि त्यातून मेलॅनिन बनतं. ही साखळी थांबवायची की नाही, ते तुम्हाला काय मोजायचंय यावर ठरतं. पेशी मोजायच्या असतील तर थांबवा. फिनॉलऑक्सिडेजची क्रियाशीलताच मोजायची असेल तर थांबवणारं रसायन घालून चालणार नाही. मग बर्फ आणि वेग एवढंच हातात उरतं.

थांबवण्यासाठी फेनिलथायोयुरियाचे एक-दोन कण नळीच्या तळाशी पुरतात. हे रसायन अत्यंत विषारी आहे. हातमोजे घाला, पूड उडेल असं काही करू नका आणि नळ्या आधीच तयार करून बर्फात ठेवा. मात्र गोठण आणि पेशींचं चिकटणं फेनिलथायोयुरियाने थांबत नाही. त्यासाठी कॅल्शियम बांधून ठेवणारा आम्लधर्मी द्राव लागतो. १०० मि.लि. पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड ०.३९ ग्रॅम, मीठ १.०९ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए (दोन रेणू पाणी असलेलं) ०.६३ ग्रॅम आणि निर्जल सायट्रिक आम्ल ०.७९ ग्रॅम घाला आणि पीएच ४.५ ला आणा. बाटलीवर मोनोहायड्रेट लिहिलं असेल तर सायट्रिक आम्ल ०.८६ ग्रॅम घ्या.

अळी पाच-दहा मिनिटं बर्फावर ठेवा. ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पोटाखालचा एक पाय पुसा, कोरडा होऊ द्या आणि बारीक कात्रीने त्याचं टोक कापा. शेपटीजवळचं शिंग कापलं तरी चालतं. थेंब आपोआप येऊ द्या. इथेच बहुतेकांचा हात चुकतो: थेंब लवकर यावा म्हणून अळी दाबली जाते. दाबलं की चरबीच्या पेशी बाहेर येतात, क्वचित आतडं फुटतं आणि सुमारे १० पीएचचा आतड्यातला रस हिमोलिंफमध्ये मिसळतो. नमुन्यात हिरवा ढग किंवा पानाचे कण दिसले तर तो टाकून द्या. गाळून वाचवायच्या फंदात पडू नका.

१० मायक्रोलिटर हिमोलिंफ ९० मायक्रोलिटर थंड द्रावात सोडा, म्हणजे दहापट विरलता झाली. पिपेटची टिप प्लास्टिकचीच घ्या. प्लाझ्मॅटोसाइट आणि ग्रॅन्युलोसाइट या रक्तपेशी काचेला धरतात. काचेच्या पिपेटने घेतलं तर त्या पेशी पिपेटमध्येच राहतात आणि मोजणीत दिसत नाहीत. न्यूबाउअर चेंबर (पेशी मोजायची, चौकोन आखलेली काचपट्टी) भरून दोन मिनिटं थांबा, पेशी तळाशी बसू द्या. मग चार कोपऱ्यांतले मोठे चौकोन मोजा. वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या पेशी धरायच्या, खालच्या आणि उजव्या रेषेवरच्या सोडायच्या. प्रत्येक चौकोनाचं आकारमान ०.१ मायक्रोलिटर असतं. समजा चार चौकोनांत मिळून २४० पेशी मिळाल्या. सरासरी ६०, गुणिले १०, गुणिले विरलता १० म्हणजे एका मायक्रोलिटरला ६,०००.

आता आकड्यांतल्या फरकाकडे. अळीच्या सगळ्या रक्तपेशी हिमोलिंफमध्ये फिरत नसतात, बऱ्याच ऊतींना चिकटून बसलेल्या असतात. त्यामुळे वय, भूक, मोल्ट (कात टाकणं) आणि आधी झालेली जखम या सगळ्यांनी फिरत्या पेशींचा आकडा बदलतो. चौथ्या मोल्टवरून अळ्या उठल्या तो दिवस शून्य धरा आणि सगळे नमुने त्यावरून ठरवलेल्या एकाच दिवशी, पाला दिल्यानंतर तेवढ्याच तासांनी घ्या. त्याच अळीतून दुसऱ्यांदा नमुना घेऊ नका. पाच अळ्यांचं हिमोलिंफ एकत्र करून एक आकडा काढणं सोयीचं वाटतं. पण त्याने फरक लपतो, जात नाही. काही जण अळी ६० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं धरून मग रक्त काढतात. त्यात गोठण थांबतं, पेशींचा आकार टिकतो आणि चिकटलेल्या काही पेशी सुटून येतात. पद्धत वाईट नाही, पण तो आकडा न तापवलेल्या अळीच्या आकड्याशेजारी एका तक्त्यात मांडता येत नाही.

प्रश्न : अळ्यांचे सांधे फुगलेत, कातडी पिवळसर चकचकीत झालीय, त्या रॅकच्या कडेने फिरत राहतात. पाय तोडला की दुधासारखं पाणी येतं. ग्रासरी आहे असं सांगतात. खात्री कशी करायची, आणि औषध कोणतं?
(रेशीम उत्पादक, जालना)

लक्षणं ग्रासरीचीच आहेत. निरोगी अळीचं रक्त स्वच्छ, पिवळसर आणि पारदर्शक असतं. ग्रासरीत विषाणू पेशीच्या केंद्रकात वाढतो आणि स्वतःभोवती प्रथिनाचे स्फटिक बांधतो. पेशी फुटल्या की लाखो स्फटिक रक्तात येतात. दुधासारखा रंग त्यांचाच.

जवळच्या महाविद्यालयात किंवा रेशीम कार्यालयात ४०० पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक असेल तर पाच मिनिटांत खात्री होते. काचपट्टीवर एक थेंब ठेवून वर आच्छादन काच ठेवा. साधारण एकाच आकाराचे, चमकणारे, कोनदार कडांचे कण दिसले तर ते विषाणूचे स्फटिक. चरबीचे थेंबही चमकतात, पण ते गोल असतात आणि लहान-मोठे मिसळलेले. शंका राहिलीच तर काचेच्या कडेने सोडियम कार्बोनेटच्या किंवा सौम्य पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावाचा थेंब आत सोडा. स्फटिक अल्कलीत विरघळून दिसेनासे होतात, चरबी राहते. याच कारणाने अळीच्या अल्कधर्मी आतड्यातही ते विरघळतात आणि विषाणू मोकळा होतो.

लागण झालेल्या अळीला औषध नाही. कोणी विकत असेल तर घेऊ नका. अशा अळ्या कातडी फुटायच्या आत चिमट्याने उचला आणि चुना टाकलेल्या भांड्यात जमा करून जाळा किंवा खोल पुरा. हाताने उचलून तोच हात पाल्याला लावला की रोग पुढच्या रॅकवर गेलाच. बॅच संपल्यावर शेड आणि साहित्य २ टक्के ब्लीचिंग पावडर आणि ०.३ टक्के विझवलेला चुना यांच्या द्रावाने धुवा. १० लिटर पाण्याला २०० ग्रॅम पावडर आणि ३० ग्रॅम चुना लागतो. पावडर ताजी हवी. उघड्या पोत्यातल्या जुन्या पावडरमध्ये क्लोरीन उरलेला नसतो आणि धुण्याचं नुसतं समाधान मिळतं.

प्रश्न : ड्रोसोफिलाच्या (फळमाशीच्या) लाळग्रंथीतल्या पॉलिटिन, म्हणजे अनेक धागे शेजारी जुळून जाड झालेल्या, गुणसूत्रांचं प्रात्यक्षिक दर वर्षी घेतो. केंद्रकं फुटतच नाहीत, किंवा फुटली तर गुणसूत्रांचा गोळाच राहतो. पट्टे स्पष्ट दिसण्यासाठी काय करावं?
(प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, सांगली)

रंग आणि दाब यांच्याकडे वळण्याआधी अळी पाहा. गर्दीच्या बाटलीत वाढलेल्या उपाशी अळीच्या ग्रंथी बारीक असतात आणि गुणसूत्रंही बारीक. तृतीय अवस्थेतल्या भरल्या अंगाच्या अळीत हीच गुणसूत्रं सुमारे १,०२४ धाग्यांची झालेली असतात.

खाद्यासाठी एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम गव्हाचा रवा, १०० ग्रॅम गूळ आणि १० ग्रॅम अगार उकळा. थोडं निवल्यावर ७.५ मि.लि. प्रोपिऑनिक आम्ल घालून ढवळा, म्हणजे बुरशी येत नाही. बाटलीत मोजक्याच माश्या सोडा, दोन दिवस अंडी घालू द्या आणि काढून टाका. मग बाटली २५ ऐवजी १८ अंशांना ठेवा आणि वरून यीस्टची दाट पेस्ट घाला. वाढीला जवळजवळ दुप्पट दिवस लागतात, पण अळ्या धष्टपुष्ट होतात. प्रात्यक्षिकाची तारीख त्या हिशेबाने ठरवा. भिंतीवर चढलेली, अजून वळवळणारी, मऊ अळी घ्या. पुढच्या टोकाची श्वसनरंध्रं बाहेर आली असतील तर उशीर झाला.

०.७ टक्के मिठाच्या पाण्याच्या थेंबात अळी ठेवा. एक सुई शरीराच्या मध्यावर, दुसरी काळ्या मुखांगांवर, आणि पुढची सुई सावकाश ओढा. मुखांगांबरोबर काचेसारख्या पारदर्शक दोन पिशव्या येतात, त्या लाळग्रंथी. कडेला चिकटलेली पांढरी, अपारदर्शक पट्टी चरबीची. ती शक्य तितकी काढा. चरबी राहिली की तेलाचे थेंब पसरतात आणि आच्छादन काच नीट बसत नाही.

ग्रंथी ४५ टक्के ॲसिटिक आम्लात मिनिटभर, मग २ टक्के ॲसिटो-ऑर्सिनमध्ये दहा ते वीस मिनिटं ठेवा. थेंब सुकत आला तर रंग भरत राहा. एकदा सुकलेली ग्रंथी पुन्हा ओली करून काही मिळत नाही. ऑर्सिन दर वेळी गाळून घ्या, नाहीतर त्याचे लाल-तपकिरी स्फटिक पट्ट्यांपेक्षा ठळक दिसतात. शेवटी ग्रंथी ४५ टक्के आम्लाच्या ताज्या थेंबात घ्या आणि आच्छादन काच ठेवा. पेन्सिलच्या मागच्या रबराने काचेवर हलके, उभे ठोके द्या. कमी भिंगाखाली पाहत पाहत ठोकत राहा. केंद्रकं फुटून भुजा पसरल्या की थांबा. मग टिपकागदाची घडी ठेवून अंगठ्याने सरळ खाली जोर द्या. काच आडवी सरकली की भुजा ताणल्या जातात आणि पट्टे पुसट होतात.

तुमचा ‘गोळा’ बहुधा दोन कारणांनी राहतो. एक म्हणजे आम्ल जुनं किंवा पातळ, त्यामुळे पेशीद्रव मऊ होत नाही. दुसरं म्हणजे एका काचेखाली चार-पाच अळ्यांच्या ग्रंथी. एका काचेखाली एकच जोडी ठेवा. पेशीद्रवच गडद दिसत असेल तर रंगात वेळ जास्त गेलाय. बरोबर जमलं की मध्यभागी क्रोमोसेंटर (सगळी गुणसूत्रं जिथे जोडलेली असतात तो भाग) आणि त्यातून निघालेल्या पाच लांब भुजा (एक्स, दोन डावी-उजवी, तीन डावी-उजवी) आणि चौथ्याचा छोटा ठिपका दिसतो.

एवढी मेहनत करून फक्त पट्टे दाखवून थांबू नका. काही अळ्या ओलसर टिपकागद घातलेल्या नळीत ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा आणि लगेच ग्रंथी काढा. तिसऱ्या गुणसूत्राच्या उजव्या भुजेवर ८७ए आणि ८७सी या जागी फुगवटे दिसतात, म्हणजे तिथली जनुकं चालू झालेली असतात. उष्णतेने जनुकं चालू होतात हे इटालियन संशोधक रितोसा यांनी १९६२ मध्ये याच मार्गाने, ड्रोसोफिलाच्याच एका जातीत पाहिलं होतं. पुढचं सगळं ताण-प्रथिनांचं संशोधन तिथून सुरू झालं. त्याच भुजेवरचा ९३डी हा फुगवटा बेंझामाइड दिल्यावर एकटाच उठतो. ते काम भारतीय संशोधक सुभाष लखोटिया यांचं, १९७० मधलं. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत ते यायला हवं होतं.

माश्या पाळणं जमत नसेल तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या लाल कायरोनॉमस अळ्या जिवंत आणा. त्यांच्या ग्रंथीत पेशी थोड्या पण मोठ्या असतात. बाल्बियानी यांनी १८८१ मध्ये ही गुणसूत्रं पहिल्यांदा पाहिली ती कायरोनॉमसमध्येच.

प्रश्न : आमच्याकडे बेडकाच्या रिंगरची (ऊती जिवंत ठेवायच्या क्षारद्रावाची) मोठी बाटली असते. झुरळ, रेशीम अळी, मासा या सगळ्यांना तीच वापरली तर काय बिघडतं?
(प्रयोगशाळा साहाय्यक, अमरावती)

मेलेल्या ऊती कापून रंगवायच्या असतील तर फारसं काही बिघडत नाही. धडधडतं हृदय किंवा चालता मज्जातंतू ठेवायचा असेल तर सगळंच बिघडतं.

बेडकाच्या रिंगरमध्ये लिटरला मीठ ६.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.१४, कॅल्शियम क्लोराइड ०.१२ आणि खाण्याचा सोडा ०.२ ग्रॅम असतो. म्हणजे सोडियम भरपूर, पोटॅशियम नावापुरतं. झुरळाच्या हिमोलिंफमध्येही सोडियमच वरचढ असतं, त्यामुळे तिथे थोडाफार निभाव लागतो. रेशीम अळी आणि पानं खाणाऱ्या इतर पतंगवर्गीय अळ्यांत गणित उलटं आहे: पोटॅशियम सोडियमपेक्षा जास्त आणि मॅग्नेशियमही बरंच. अशा रक्तात मज्जातंतू चालतातच कसे, असा प्रश्न पडायला हवा. उत्तर असं की मज्जासंस्थेभोवती पेशींचं घट्ट आवरण असतं आणि ते आतलं सोडियम वेगळं राखतं. आवरण फाटलं की तंतू गप्प होतो.

गोड्या पाण्यातल्या हाडाच्या माशाच्या रक्ताची तीव्रता (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) ढोबळमानाने ३०० मिलीऑस्मोल असते आणि समुद्राच्या पाण्याची १,०००. समुद्रातला पापलेट किंवा बांगडा आत ४०० च्या आसपासच ठेवतो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींतून बाहेर टाकतो. मुशी (शार्क) मात्र युरिया साठवून तीव्रता समुद्राइतकी करते. तेव्हा बांगड्याच्या ऊतीला समुद्राचं पाणी लावणं चूक आणि मुशीच्या ऊतीला माशाचं साधं सलाइन लावणंही चूक. समुद्री खेकड्याला मात्र समुद्राच्या जवळपासचंच सलाइन लागतं.

जाता जाता, रिंगर बनवताना कॅल्शियम क्लोराइड वेगळ्या पाण्यात विरघळवून सगळ्यात शेवटी, ढवळत घाला. सोड्याबरोबर सुकंच टाकलं तर पांढरा गाळ बसतो आणि द्रावात कॅल्शियम राहत नाही. हृदय दहा मिनिटांत थांबलं की दोष बिचाऱ्या बेडकाला जातो.

प्रश्न : रोहूचं रक्त पॅथॉलॉजी लॅबच्या मशीनवर तपासलं. पांढऱ्या पेशींचा आकडा अचाट आला. मासे आजारी आहेत का?
(मत्स्यपालक, भंडारा)

मासे आजारी असतील किंवा नसतील, पण या आकड्यावरून काही कळत नाही. माणसाच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, माशांच्या तांबड्या पेशींत असतं. मशीन तांबड्या पेशी फोडून उरलेल्या केंद्रकांना पांढऱ्या पेशी समजून मोजतं. माशांचे थ्रॉम्बोसाइटही (रक्त गोठवणाऱ्या पेशी) केंद्रक असलेले आणि लिम्फोसाइटसारखे दिसणारे, म्हणजे गोंधळात भर.

रक्त हातानेच मोजावं लागतं. १०० मि.लि. पाण्यात ३.२ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १ मि.लि. फॉर्मॅलिन घाला. त्या द्रावाच्या १,९९० मायक्रोलिटरमध्ये १० मायक्रोलिटर रक्त सोडलं की २०० पट विरलता होते. न्यूबाउअरच्या मधल्या भागातले पाच चौकोन मोजा आणि आलेल्या संख्येला १०,००० ने गुणा. १८० पेशी आल्या तर मायक्रोलिटरला १८ लाख.

रक्त काढताना गुदपरापासून थोडं मागे, खालच्या बाजूने मध्यरेषेवर सुई घाला, मणक्याला टेकली की केसभर मागे घ्या आणि सावकाश ओढा. सिरिंज हेपरिनने ओली केलेली हवी. कार्प माशांच्या रक्तात ईडीटीएने तांबड्या पेशी फुटू शकतात, म्हणून लॅबची जांभळ्या टोपणाची नळी इथे नको. नळीत सोडताना सुई काढून सोडा. मासा जाळ्यात जितका वेळ धडपडतो तितकं रक्तातलं कॉर्टिसॉल आणि साखर चढते; साखर मोजायची असेल तर पकडल्यापासून काही मिनिटांतच रक्त हातात हवं. भुलीसाठी लवंगतेल वापरलंत (एक भाग तेल, नऊ भाग अल्कोहोल, हे मिश्रण लिटर पाण्याला अर्धा मि.लि.) तर तुलनेच्या माशांनाही तेच द्या.

हिमोग्लोबिन ड्रॅबकिनच्या द्रावाने पाहत असाल तर ५ मि.लि. द्रावात २० मायक्रोलिटर रक्त घालून दहा मिनिटं थांबा आणि नळी सेंट्रिफ्यूज करून मगच वरचा द्राव ५४० नॅनोमीटरला वाचा. फुटलेल्या पेशींची केंद्रकं तरंगत राहिली तर द्राव गढूळ होतो आणि अशक्त मासाही कागदावर ठणठणीत दिसतो. ड्रॅबकिनमध्ये सायनाइड असतं. त्याजवळ आम्ल नेऊ नका.

प्रश्न : एसएफ-९ या कीटकपेशी डिसेंबरपासून छान वाढत होत्या. एप्रिल-मे मध्ये दुप्पट व्हायला दोन दिवस लागू लागले, जिवंत पेशींचं प्रमाण ८० टक्क्यांवर आलं. माध्यम बदलून पाहिलं, उपयोग नाही. सीओ-टू इन्क्युबेटर घ्यावा का?
(बायोटेक कंपनीतील तंत्रज्ञ, छत्रपती संभाजीनगर)

सीओ-टू इन्क्युबेटर घेऊ नका, पैसे वाया जातील. सस्तन प्राण्यांच्या पेशींचं माध्यम बायकार्बोनेटने पीएच सांभाळतं, म्हणून तिथे कार्बन डायऑक्साइड लागतो. एसएफ-९ चं माध्यम फॉस्फेटवर चालतं आणि पीएच ६.२ च्या आसपास असतो. वायूची गरजच नाही.

तुमचा इन्क्युबेटर फक्त तापवणारा आहे का ते पाहा. तसा असेल तर तो खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली ३३ अंश झाली की आतही ३३; तापमान २७ वर लावलेलं असलं तरी. या पेशींना २७-२८ अंश लागतात, ३० च्या वर त्या खंगतात. थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर किंवा शेकर हा खरा उपाय. आत वेगळा तापमापी पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवा आणि दुपारी तीनला वाचा, सकाळी दहाला नाही. शेकरची मोटरही उष्णता देते.

तापमान ठीक निघालं तर पुढचा संशय ऑक्सिजनवर घ्या. १२५ मि.लि.च्या फ्लास्कमध्ये २५-३० मि.लि.पेक्षा जास्त भरू नका, टोपण सैल ठेवा, शेकर मिनिटाला ११०-१३० फेऱ्यांवर ठेवा. घनता मि.लि.ला ५ लाखांपासून सुरू करा, ३०-४० लाखांना विभागा. एकदा जरी ७०-८० लाखांच्या पुढे जाऊन अडकू दिलं तर पुढच्या दोन-तीन विभागण्या मंद जातात. चिकटून वाढवत असाल तर ट्रिप्सिन वापरू नका. फ्लास्कला हलकी थाप मारून किंवा माध्यमाची धार सोडून पेशी सुटतात. चार-पाच विभागण्यांत जिवंत पेशी ९५ टक्क्यांच्या वर आल्या नाहीत तर त्या जागवत बसण्यापेक्षा द्रवरूप नायट्रोजनमधली जुनी व्हायल काढा. ती ३७ अंशांत वितळवायची, पण बर्फाचा कण उरला असतानाच बाहेर घ्यायची.

या पेशींचं मूळ मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीत आहे. तिच्या कोषाच्या अंडाशयातून १९७७ मध्ये एसएफ-२१ ही पेशीरेषा अमेरिकेत तयार झाली आणि एसएफ-९ हा तिचाच क्लोन. २०१८ पासून आपल्या मक्याला छळणारी हीच ती अळी. पुण्यात बनलेल्या कोवोव्हॅक्स या कोविड लशीचं प्रथिनही याच एसएफ-९ पेशींत तयार होतं. पुण्याचं नातं त्याहून जुनं आहे. ग्रेस यांनी १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियात कीटकांची पहिली टिकाऊ पेशीरेषा पतंगाच्या अंडाशयातून उभी केली. त्यानंतर पाच वर्षांनी, १९६७ मध्ये, के. आर. पी. सिंग यांनी पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, एडिस डासांच्या अळ्यांपासून पेशीरेषा तयार केल्या. त्यांच्यातल्याच एडिस अल्बोपिक्टस पेशींतून इगाराशी यांनी १९७८ मध्ये सी-६/३६ हा क्लोन वेगळा केला आणि आज जगभर डेंग्यूचा विषाणू त्यात वाढवतात. विषाणूला तो इतका का मानवतो, याचं एक कारण नंतर कळलं: विषाणूचा आरएनए कापणारी डायसर-२ ची यंत्रणा या पेशींत निकामी आहे.

प्रश्न : विच्छेदन बंद झाल्यापासून पदवीच्या मुलांना जिवंत शरीरक्रिया दाखवायला काही उरलं नाही. सोपा प्रयोग सुचवाल का?
(प्राध्यापिका, रत्नागिरी)

डासाच्या अळीचं हृदय बाहेरूनच दिसतं. चौथ्या अवस्थेतली क्युलेक्सची अळी खोलगट काचपट्टीवर थोड्या पाण्यात घ्या. कापसाचे दोन-चार तंतू टाका, म्हणजे ती फार वळवळत नाही. पाठ वर असू द्या. पाठीवर चंदेरी दिसणाऱ्या दोन श्वासनलिकांच्या मधोमध धडधडणारी नळी म्हणजे हृदय. तीस सेकंदांचे ठोके मोजा, तीनदा.

मग अळ्यांच्या तीन चंचुपात्रांतलं पाणी १५, २५ आणि ३० अंशांना आणा आणि दहा मिनिटं थांबून एकेक अळी मोजा. काचपट्टीही त्याच पाण्यात बुडवून घ्या. सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याने थेंब तापतो आणि १५ अंशांची अळी दोन मिनिटांत २२ अंशांची होते. मुलांचे आकडे जुळत नाहीत ते यामुळेच. एलईडी दिवा वापरा आणि मिनिटभरात मोजणी संपवा. २५ अंशांच्या ठोक्यांना १५ च्या ठोक्यांनी भागलं की क्यू-टेन (दहा अंशांनी वेग किती पट होतो तो आकडा) मिळतो. तो २ च्या आसपास यायला हवा. १ च्या जवळ आला तर तापमान खरंच बदललं होतं का ते आधी तपासा.

भांड्यावर मच्छरदाणीचं कापड बांधून ठेवा, आणि तास संपल्यावर उरलेल्या अळ्या व कोष उकळतं पाणी ओतून मारल्याशिवाय मोरीत टाकू नका.